उपाशी आहेत म्हणता, मग मोबाईल कसे चार्ज होतात?

गिरणीवाली

नमस्कार मंडळी. मी इथं वाचनमात्र असते. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

आमची विट्याला पिठाची गिरणी आहे. दुपारी दळणं कमी असतात तेव्हा गल्ल्यावर बसून मोबाईल चाळते. त्यात गाझातल्या बायकांचे व्हिडिओ यायला लागले. एक बाई तंबूच्या तोंडाशी मातीची भट्टी पेटवून भाकऱ्या लावत होती, जळणाला पुठ्ठा आणि प्लास्टिकच्या बाटल्या. धुरानं डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि ही कॅमेऱ्याकडं न बघता परातीत पीठ मोजतेय, मूठ मूठ करून. चौथी मूठ घेतली आणि अर्धी परत पिशवीत टाकली. ते बघून मला राहवलं नाही, घरच्या ग्रुपवर टाकला.

धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, उपाशी आहेत म्हणता, मग मोबाईल कसे चार्ज होतात?" लगेच चुलत सासऱ्यांचं हसरं तोंड. भाचा म्हणाला सगळं नाटक आहे, मेकअप करून बसतात.

कोण चूक कोण बरोबर हे ठरवायची माझी पोच नाही. पण इथं आखातातली बरीच मंडळी आहेत, कुणाची तिथल्या माणसांशी ओळख असेल. वीज नाही तर मोबाईल खरंच कुठं चार्ज करतात? पैसे कुठून येतात? पीठ मिळत नव्हतं तेव्हा काय दळत होते (हा माझ्या धंद्याचा प्रश्न)? मुलांच्या शाळेचं काय?

भांडणं नकोत, ही विनंती. होणारच, ते माहीत आहे.

---

खरं_बोलतो

ताई, ७ ऑक्टोबर २०२३ चे व्हिडिओ पण बघा मग. हमासनं इस्रायलमध्ये बाराशे माणसं मारली, अडीचशे ओलीस नेली. हमासला निवडून कुणी दिलं? याच लोकांनी ना? आता रडून काय उपयोग.

---

दोहा_मिरजकर

गिरणीवाली ताई, तुमच्या दिरांचा प्रश्न आमच्या ऑफिसातही एकानं विचारला होता. जेवायच्या टेबलावर, आणि समोर बसलेला माणूस खान युनिसच्या पूर्वेच्या अबसान गावचा. मला वाटलं आता राडा होणार. तो चिडला नाही. हातातली भाकरी खाली ठेवली आणि एखाद्या शिकाऊ पोराला वायरिंग समजावावं तसं सांगितलं. त्याचा धंदाच तो, आमचा इलेक्ट्रिकल ड्राफ्ट्समन आहे. नाव लिहीत नाही, आई, बहीण, भावजय, पुतणे सगळे अजून तिथं आहेत.

तर ऐका. गाझात वीज युद्धाआधीही धड नव्हती. आठ तास आहे, आठ तास नाही, असं वर्षानुवर्षं. त्यामुळं ज्याला परवडेल त्यानं गच्चीवर सोलर प्लेटा टाकलेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायलनं वीज तोडली आणि ११ तारखेला तिथलं एकुलतं एक वीजकेंद्र डिझेल संपून बंद पडलं. पुढं घरं पडली तरी लोकांनी ढिगाऱ्यातून प्लेटा आणि गाडीच्या बॅटऱ्या ओढून काढल्या. काचेला तडे गेलेली प्लेटसुद्धा उन्हात थोडा करंट देते. अशी प्लेट ज्याच्याकडं तो रस्त्याकडेला टेबल मांडून बसतो, फळीवर सॉकेटांची माळ, प्रत्येक मोबाईलवर नावाची चिकटपट्टी. शेकेल-दोन शेकेल द्यायचे, दुपारनंतर न्यायला यायचं. आभाळ आलं की दुकान बंद.

बरं, तो मोबाईल युद्धाआधीचा. मोबाईल एकदा घेतला की चार-पाच वर्षं पुरतो, पीठ रोज लागतं. एवढं साधं आहे ते.

आता चार्ज कशाला करतात तेही दिरांना सांगा. १ डिसेंबर २०२३ ला इस्रायली लष्करानं गाझाचा नकाशा जाहीर केला. अख्ख्या पट्टीचे सहाशेच्या वर तुकडे, प्रत्येकाला नंबर. कुठल्या नंबरातल्या लोकांनी घर सोडायचं ते फेसबुकवर, ट्विटरवर आणि विमानातून टाकलेल्या कागदांवर. कागदावर क्यूआर कोड. म्हणजे जीव वाचवायचा तर मोबाईल हवा, त्यात बॅटरी हवी आणि वर इंटरनेट हवं. आणि गाझातलं मोबाईल नेटवर्क तेव्हाही टूजीच! इस्रायल त्यापुढचं देतच नव्हता. बाहेरून कुणी ई-सिम विकत घेऊन पाठवलं तर उंचावर किंवा सरहद्दीजवळ जाऊन पलीकडची रेंज पकडायची.

याची आई शिकलेली आहे, पण नकाशा तिला कळत नाही. हा दोह्यात बसून नकाशा मोठा करून बघायचा आणि व्हॉइस नोट टाकायचा, मशिदीच्या अलीकडं राहा, पलीकडं गेलीस की दुसरा नंबर लागतो. मग वाट बघायची. व्हॉट्सॲपला एक टिक. दोन तास एक टिक. आम्ही साइटवर केबल ट्रे मोजतोय आणि हा दर पाच मिनिटांनी खिशातून फोन काढतोय. मुकादम ओरडला, तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. दुसरी टिक पडली की हा काही बोलत नसे, फक्त हेल्मेट काढून डोकं खाजवायचा. आम्ही समजायचो.

गंमत म्हणजे, इतकं करून आई पहिल्यांदा काय विचारायची? जेवलास का, आणि एसीत झोपतोस, अंगावर काही घेतोस का. तंबूत पाणी शिरलेलं तेव्हाही हेच. तिथली माणसं म्हणजे फोटोतली रडणारी माणसं एवढंच आपल्यापर्यंत येतं. याच्या घरच्या बातम्या मला जेवताना ऐकायला मिळतात, त्यात बहीण आणि भावजय यांचा साबणाच्या वडीवरून चार दिवस अबोला होता. एकाच तंबूत! निरोप मधल्या पोराकडून. कारण साबण एवढा महागला होता की कपड्याला लावायचा की पोरांच्या डोक्याला, हा वादाचा मुद्दा. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात फेस होत नाही हे वेगळंच.

पैशाचं सांगतो. युद्धात बँका बंद पडल्या, नव्या नोटा आत येईनात. तिथलं चलन इस्रायली शेकेलच. त्याच त्या नोटा हजारो हातांतून फिरून इतक्या मऊ झाल्या की दुकानदार घेईना. मग बाजारात नोटा दुरुस्त करणारे बसले. ब्लेडनं कडा साफ करायची, गोंद लावायचा, उन्हाला धरून बघायचं. बाहेरून पैसे पाठवले तर खात्यात दिसतात, रोख हवी तर दलालाकडं जायचं, तो कमिशन कापतो. २०२५ च्या उन्हाळ्यात ते ४० टक्क्यांपर्यंत गेलं. हा हजार रियाल पाठवायचा, हातात सहाशेचे पडायचे. वर त्या सहाशेला बाजारात काही असलं तर.

पीठ. २ मार्च २०२५ पासून इस्रायलनं सगळा माल अडवला, मेच्या उत्तरार्धापर्यंत पिठाचं पोतं आत गेलं नाही. जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मदतीनं चालणाऱ्या २५ बेकऱ्या मार्चअखेरीस बंद पडल्या, पीठही नाही आणि गॅसही नाही. तेव्हा लोकांनी मॅकरोनी दळली. खरंच. घरात राहिलेली मॅकरोनी, मसूर, जे असेल ते दळून त्याच्या भाकऱ्या. त्याच्या आदल्या वर्षी उत्तर गाझात तर जनावरांचं खाद्य आणि सातू दळून खाल्ले, आणि हिवाळी पावसानंतर उगवणारी खुबेझा नावाची रानभाजी उकडून. २२ ऑगस्ट २०२५ ला गाझा शहराच्या भागात दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. मे महिन्यापासून जी नवी वाटप केंद्रं निघाली, ती कधी उघडणार हे फेसबुकवर टाकत, कधी कधी काही मिनिटं आधी. पुन्हा मोबाईल! तिथं आणि मदतीच्या ट्रकांमागं गेलेली हजाराहून जास्त माणसं जुलैअखेरपर्यंत मारली गेली, हा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कचेरीचा आकडा. याच्या भावाला आईनं जाऊ दिलं नाही. भाऊ गुपचूप गेला, रिकामा आला, आणि आईनं त्याला चपलेनं मारलं. चाळिशीचा माणूस तो.

खाण्यावरून आमची दोस्ती झाली ते सांगायचं राहिलं. याच्या डब्यात दग्गा असायचा. झिबदिया म्हणून मातीचं जाड खोलगट भांडं असतं, त्यात लाकडी बत्त्यानं लसूण, मीठ, हिरवी मिरची आणि शेपूचं बी कुटायचं, मग पिकला टोमॅटो, वर ऑलिव्हचं तेल. मी पहिल्या घासाला म्हटलं, अरे हा तर आमचा ठेचा! गाझाचे लोक तिखट खातात, बाकीचे पॅलेस्टिनी त्यावरून त्यांना चिडवतात. घर सोडताना आईनं गॅसची टाकी मागं ठेवली आणि झिबदिया चादरीत बांधून घेतला. तो खान युनिसच्या रस्त्यात कुठंतरी फुटला. त्या बातमीनं हा जेवढा हळहळला तेवढा घराच्या बातमीनं नाही. घराबद्दल तो बोलतच नाही.

शाळेचं. बारावीला त्यांच्याकडं तौजिही म्हणतात, आणि त्याचं वेड आपल्या बारावीपेक्षा तसूभर कमी नाही. निकालाच्या दिवशी फटाके, मिठाई, सगळं. २०२४ मध्ये गाझात परीक्षाच झाली नाही, ३९ हजारांच्या आसपास मुलं तशीच राहिली. शाळांच्या इमारतीत निर्वासित, किंवा इमारतच नाही. २०२५ मध्ये त्यातल्या बऱ्याच मुलांनी परीक्षा ऑनलाइन दिली. याच्या पुतण्यानंही. जिथं नेट मिळतं तिथं जाऊन, मोबाईलवर, शेजारी पॉवर बँक. हा दोह्यात त्या दिवशी रजेवर होता, जणू याचाच पेपर. पोराला ७१ टक्के पडले. आजी म्हणाली, युद्ध नसतं तर ८५ पडले असते, हा आधीपासून आळशी.

---

खरं_बोलतो

मिरजकर, गोष्ट छान रंगवलीत. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही दिलंत. हमासला मतं कुणी दिली?

---

खडू_फळा

मी देतो. मतदान जानेवारी २००६ मध्ये झालं. हमासच्या यादीला ४४ टक्के मतं, तीही गाझा आणि वेस्ट बँक मिळून. पुढच्या वर्षी हमासनं गाझाचा ताबा बंदुकीनं घेतला आणि तेव्हापासून तिथं संसदेसाठी मतदान झालेलं नाही. गाझातली निम्म्याच्या आसपास माणसं अठरा वर्षांच्या आतली आहेत. म्हणजे त्या मतदानाच्या वेळी जन्मलेलीच नव्हती.

आणि २०१९ मध्ये "आम्हाला जगायचंय" म्हणून महागाईविरुद्ध तरुण रस्त्यावर आले होते, हमासच्या पोलिसांनी झोडपून काढले. मार्च २०२५ मध्ये उत्तर गाझातल्या बेत लाहियात शेकडो लोकांनी भर युद्धात हमास चालते व्हा म्हणून मोर्चा काढला. वर इस्रायली ड्रोन, खाली हमासची माणसं. बेत लाहिया हे स्ट्रॉबेरीचं गाव आहे, तिथली शेतकरी माणसं ही.

---

अश्दोदची_मावशी

शालोम मंडळी. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू, जन्म अलिबागजवळचा. सत्तरच्या दशकात नवऱ्याबरोबर इकडं इस्रायलला आले ती इथलीच झाले. मराठी टायपिंग नात करून देते, चुका तिच्या.

खरं_बोलतो, तुम्ही ७ ऑक्टोबर आमच्या नावानं सांगता, तर आमच्याकडूनही ऐका. आमच्या अश्दोदला रॉकेटचा भोंगा वाजला की आसऱ्याला पोचायला ४५ सेकंद. माझ्या गुडघ्यांना ४५ सेकंदांत तळघर होत नाही, मी जिन्यातच पायरीवर बसते. वरची रशियन बाई येते, आम्ही दोघी बसतो. नातवाला राखीव दलात बोलावलं होतं, तो येईपर्यंत मी नीट झोपले नाही. ७ ऑक्टोबरला गाझाच्या सीमेजवळच्या बेएरी वस्तीत व्हिव्हियन सिल्व्हर मारली गेली. शांततेच्या कामातली बाई, गाझाच्या आजाऱ्यांना एरेझच्या नाक्यावरून इस्रायली दवाखान्यात गाडीनं पोचवायची. तिच्या मुलानं नंतर सूड नको म्हटलं. माझ्या मुलाला काही झालं असतं तर मी तसं म्हटलं असतं का? नसतं बहुतेक. मी तेवढी मोठी नाही.

पण गाझाची माणसं मी पाहिलेली आहेत, ते सांगते. ऐंशीच्या दशकात आमच्या इमारतीचं प्लास्टर गाझाच्या गवंड्यांनी केलं. पहाटे यायचे, संध्याकाळी परत. त्यातला एक जबालियाच्या छावणीतला. माझी हिब्रू कोकणातली, त्याची अरबी, आमचं छान जमायचं. मी चपातीत बटाट्याची भाजी गुंडाळून द्यायची, तो गाझाचे पेरू आणायचा. काय पेरू ते! एकदा त्यानं खिडकीतून दक्षिणेला बोट केलं आणि विचारलं, तिकडं जुनी मशीद दिसते का बघा. त्याचे वडील इस्दूदचे. १९४८ च्या लढाईत गाव सोडून पायी गाझाला गेले. आमचं शहर वसलं १९५६ मध्ये, नाव त्याच गावाचं. त्या पडक्या भिंती मी रोज बसमधून बघायची, कुणी सांगितलं नव्हतं कशाच्या ते. जेवणाच्या सुट्टीत तो एकदा तिथवर जाऊन आला, आणि मग दिवसभर भिंतीला थापी मारत होता नेहमीसारखा.

८७ च्या डिसेंबरात इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, पेटला, हळूहळू येणं तुटलं. तो असेल तर माझ्याच वयाचा असेल. प्लास्टर अजून शाबूत आहे.

नात म्हणते हे लिहू नकोस, दोन्हीकडून शिव्या खाशील. खाईन.

---

निवृत्त_सुभेदार

मावशी, नमस्कार करतो.

या धाग्यावर एक नाव यायला हवं. कर्नल वैभव काळे. आपल्या लष्करातून निवृत्त झालेले, पुण्याचे रहिवासी. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात रुजू होऊन गाझाला गेले आणि १३ मे २०२४ रोजी रफाहमध्ये, यूएनची खूण असलेल्या गाडीतून रुग्णालयाकडं जाताना मारले गेले. वय ४६. या युद्धात तिथं गेलेला यूएनचा पहिला परदेशी कर्मचारी. अंत्यसंस्कार पुण्यात झाले. पहिला परदेशी म्हणतात, कारण तोवर तिथलेच, म्हणजे पॅलेस्टिनीच, यूएनचे शिक्षक, डॉक्टर, गोदामवाले दीडशेच्या वर गेले होते. आता तीनशेच्या वर. त्यांची नावं आपल्याकडच्या पेपरात आली नाहीत, येणारही नव्हती.

---

गिरणीवाली

एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. मावशी, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी पेरूचं तेवढं दोनदा विचारलं.

मिरजकर दादा, मॅकरोनीचं वाचून मी गिरणीत एक पाकीट आणून बघितलं. चक्कीला घातली नाही, मालक (म्हणजे आमचे हे) जीव घेतील. जुनं जातं आहे त्यावर. ती काचेसारखी असते हो. तशीच घातली तर पाळू उड्या मारतं आणि बाहेर रवासुद्धा पडत नाही, नुसते तुकडे. आधी कुटून बारीक करावी लागते, मग तीन फेरे. निघालेल्या पिठाला चिकटपणा जवळजवळ नाही, उंडा थापला की कडा फाटतात. वाटीभर पिठाला माझी अर्धी दुपार गेली आणि खांदा भरून आला. चार-पाच पोरांच्या घरी हे रोज करायचं म्हणजे दोन बाया दिवसभर जात्यावर. हे मी दिरांना जात्याच्या फोटोसकट ग्रुपवर लिहिलं. ते म्हणाले, "वहिनी, पाकीट वाया घालवलंत." पण मोबाईलचं पुन्हा काढलं नाही.

तुमच्या मित्राची आई आता कुठं आहे? युद्ध थांबलंय ना? आणि त्यांची एखादी व्हॉइस नोट मिळाली तर ग्रुपवर टाकते, ऐकलं की लोकांना पटतं.

---

दोहा_मिरजकर

ताई, तुम्ही खरंच दळून बघितलंत! उद्या त्याला सांगतो, तो हसेल. त्याच्या आईला कळवेल आणि ती सांगेल की कुटून नाही, आधी भिजवून वाळवायची असते. बहुतेक काहीतरी चूक काढेलच.

१० ऑक्टोबर २०२५ पासून शस्त्रसंधी आहे म्हणायची. पण इस्रायली फौज एका पिवळ्या रेषेमागं गेली आणि त्या रेषेच्या पलीकडं निम्म्याहून जास्त गाझा राहिला. अबसान पलीकडंच आहे. घर पडलंय हे उपग्रहाच्या फोटोत बघितलंय, जागेवर जाऊन बघता येत नाही. आई अल-मवासीत समुद्राकाठी तंबूतच आहे. भावानं तंबूला पावसाआधी बाजूनं चर खणलाय. पुतण्या कॉलेजात नाव घालायचं म्हणतोय, तेही ऑनलाइन.

व्हॉइस नोट मात्र देणार नाही, रागावू नका. ती त्यानं मला ऐकवलेली आहे, दिलेली नाही. आणि तुमच्या भाच्याला पटवायला त्या बाईनं आपला आवाज का द्यावा? तो नंबरांचा नकाशा टाका ग्रुपवर. नेटवर शोधलात की सापडेल. इस्रायली लष्करानं स्वतः काढलेला आहे, त्याला मेकअप कोण म्हणतं बघू.